तिसऱ्यांचं एकशिपी बिघडतं कुठे? या चुका टाळा

तिसऱ्या म्हणजे खाडीतले छोटे शिंपले आणि एका शिपीला मांस तसंच ठेवून केलेलं त्यांचं कालवण म्हणजे एकशिपी. तिसऱ्यांची खरी चव शिंपल्यातल्या पाण्यात असते. एकशिपी कचकचलं, खारट झालं किंवा चिवट लागलं, तर दोष बहुतेक वेळा मसाल्याचा नसतो. ते पाणी आणि आच सांभाळलेली नसते.

चुकांची सुरुवात बाजारातच होते. दादरला किंवा ग्रँट रोडला वाटा समोर आला की आपण आकार बघतो. बघायचं ते शिंपलं मिटलेलं आहे का. किंचित उघडं असेल तर टिचकी मारा. जिवंत तिसरी मिटते. न मिटणारी आणि फुटलेली बाजूला काढायला मावशींना सांगा. हाताला वाजवीपेक्षा जड लागणारं शिंपलंही नको. त्यात बहुधा चिखल भरलेला असतो आणि असं एक जरी भांड्यात उघडलं तरी सगळं कालवण वाया जातं.

घरी आणल्यावर पिशवीला गाठ मारून ठेवू नका, तिसऱ्या गुदमरतात. नळाच्या पाण्यात भिजत घालणं त्याहून वाईट. खाऱ्या पाण्यातला जीव तो, गोड्या पाण्यात मरतो आणि रेती आतच राहते. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून पसरट भांड्यात तास-दोन तास ठेवा. नंतर पाणी ओतू नका, तिसऱ्या हाताने उचलून घ्या. ओतलंत की तळाला बसलेली रेती पुन्हा त्यांच्यावरच येते.

विळीवर उघडायची सवय नसेल तर थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, पकड ढिली पडते. खाली ताट हवंच. त्यात जमलेलं पाणी पातळ फडक्यातून गाळून कालवणात घाला. हे पाणी मोरीत गेलं तर उरतो फक्त मसाला. वाफेवर उघडत असाल तर न उघडलेल्या टाकून द्या.

हे पाणी मुळातच खारट, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखून. आमसुलंही तेव्हाच.

कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत आधी परता, मगच तिसऱ्या घाला. झाकणावर पाणी ठेवून पाच-सात मिनिटं पुरतात. कुकर तर नकोच.

एवढं करूनही बिघडलं, तर? खारट झाल्यास ओलं खोबरं वाढवा किंवा नारळाचं दूध घालून रस्सा करा. रस्सा कचकचत असेल तर तिसऱ्या काढून तो गाळून घ्या. चिवट झालेल्या पुन्हा मऊ होत नाहीत. बारीक चिरून पुलावात घाला.

मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते तसल्या ठिकाणी ओहोटीला स्वतः वेचलेल्या तिसऱ्या मात्र खाऊ नका. या पाणी गाळून जगतात, त्यातली घाण अंगात साठवतात. उकळल्याने जंतू मरतील, जड धातू जात नाहीत.