एक्सआरडी जुळला म्हणजे मॉफ तयार झालं असं नाही: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मॉफसाठी, म्हणजे मेटल-ऑर्गेनिक फ्रेमवर्क या सच्छिद्र पदार्थांसाठी, जाहीर झालं. तेव्हापासून एमएस्सीची मुलं मला एकच प्रश्न विचारतात: मॉफवर पीएचडी करू का? करा. पण नोबेलची बातमी वाचून ठरवत असाल तर आधी हे वाचा. त्या बातमीत जे येत नाही त्यातच पीएचडीची सुरुवातीची वर्षं जातात.

मॉफ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. धातूचे अणुगट, त्यांना जोडणारे सेंद्रिय लिंकर आणि मध्ये पोकळ्या. या पोकळ्यांचं जे कौतुक होतं ते खरंच आहे. कॅल्फ-२० हे जस्ताचं मॉफ कॅनडात कॅल्गरीला तयार झालं आणि सिमेंट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या कामापर्यंत पोहोचलं. बीएएसएफ आता ते टनांनी बनवते. शिकागो विद्यापीठात वेनबिन लिन यांच्या गटातून निघालेलं हाफ्नियमचं मॉफ कर्करोगाच्या रेडिएशनला जोड म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. कोरड्या हवेतून पाणी काढणारी मॉफ आहेत, औषध वाहून नेणारी आहेत. रसायन, पदार्थविज्ञान आणि वैद्यक या तिन्हींच्या सीमेवर इतकं काम एकाच कुळातल्या पदार्थांवर चालू असलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

मात्र यातला जवळपास प्रत्येक उपयोग पोकळी रिकामी असण्यावर उभा आहे, आणि ती आपोआप रिकामी होत नाही.

माझी सुरुवात यूआयओ-६६ ने झाली. नवीन मुलाला बहुतेक लॅबमध्ये हेच देतात आणि ते योग्यच आहे. २००८ मध्ये ऑस्लो विद्यापीठात ते पहिल्यांदा तयार झालं, झिरकोनियमचं आहे, पाण्याला घाबरत नाही. झिरकोनियम क्लोराइड, लिंकर म्हणून टेरेफ्थॅलिक आम्ल, सॉल्व्हंट म्हणून डीएमएफ, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल, १२० अंशांवर २४ तास. पांढरी पावडर मिळाली, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणारा पॅटर्न) काढला. ७.४ आणि ८.५ अंशांचे दोन्ही पीक जागच्या जागी, पेपरातल्या पॅटर्नवर ठेवले तर रेघ न् रेघ जुळणारे. मग बीईटी केलं, म्हणजे नायट्रोजन शोषवून आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजलं. अपेक्षा ग्रॅमला ११०० ते १२०० चौरस मीटरची, आणि आलं सहाशेच्या घरात.

इथून पुढे जे झालं ते प्रत्येक लॅबमध्ये कुणाचं ना कुणाचं होत असतं, म्हणून सविस्तर लिहिते. आकडा कमी आला की आपण सिंथेसिस बदलायला लागतो. तापमान बदला, आम्लाचं प्रमाण बदला, ऑटोक्लेव्हऐवजी काचेची बाटली घ्या, नवीन क्लोराइड मागवा. दर वेळी एक्सआरडी सुरेख आणि दर वेळी बीईटी पडलेलं. बीईटीचा स्लॉट मिळायला थांबावं लागतं, लिक्विड नायट्रोजन संपलेला असतो, असे महिने जातात. आणि सिंथेसिसमध्ये काहीच चुकलेलं नसतं. सांगाडा पहिल्याच खेपेला बरोबर तयार झालेला असतो. अडचण असते पोकळीत अडकलेल्या डीएमएफची.

एक्सआरडी प्रामुख्याने सांगाडा दाखवतो. आतले रेणू कुठेही, कसेही पडलेले असतात, त्यांची शिस्तबद्ध रांग नसते, म्हणून त्यांचे वेगळे पीक येत नाहीत. फार तर लहान कोनांच्या पीकची उंची थोडी बदलते आणि नवख्या डोळ्याला ते कळत नाही. त्यामुळे भरलेलं मॉफ आणि रिकामं मॉफ एक्सआरडीत जवळपास सारखं दिसतं. ही ओळ मला कुणी पहिल्या आठवड्यात सांगायला हवी होती. पेपरमध्ये मात्र पोकळी रिकामी करण्याच्या कामासाठी एकच वाक्य असतं: ‘सॅम्पल व्हॅक्यूममध्ये अ‍ॅक्टिव्हेट केलं.’ या एका वाक्यात चार-पाच दिवसांचं काम दडलेलं असतं.

ते काम असं. डीएमएफ १५३ अंशांना उकळतं आणि पोकळीच्या भिंतींना धरून बसतं, त्यामुळे नुसत्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून ते पुरतं निघत नाही. आधी ताज्या डीएमएफने धुवायचं, कारण उरलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल त्यात विरघळतं, मेथॅनॉलमध्ये फारसं विरघळत नाही. हा क्रम उलटा केला तर आम्ल आतच राहतं आणि नंतर कितीही तापवा, उपयोग होत नाही. मग मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोन. नुसतं ओतून हलवून सेंट्रिफ्यूज करू नका, भिजत ठेवा. पोकळीच्या आतून डीएमएफ बाहेर यायला आणि मेथॅनॉल आत जायला वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळ द्रव बदला, दोन-तीन दिवस. त्यानंतर व्हॅक्यूम आणि उष्णता. यूआयओ-६६ दणकट आहे म्हणून हे चालतं. मोठ्या पोकळीची, नाजूक सांगाड्याची मॉफ असतील तर द्रव बाहेर पडताना त्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो आणि सांगाडा मिटतो, भिजलेल्या वहीची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात तसा. अशा मॉफसाठी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड वापरतात. ३१ अंश आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या वर कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव-वायू असा भेदच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही. अमेरिकेत हप आणि फाराह यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की नेहमीच्या पद्धतीने वाळवल्यावर निकामी वाटणारी मॉफ या रीतीने कितीतरी जास्त क्षेत्रफळ देतात. म्हणजे ‘हे मॉफ सच्छिद्र नाही’ असा निकाल देऊन बाजूला ठेवलेल्या बाटल्यांमध्ये चांगले पदार्थ पडलेले असू शकतात.

वजनाचंही लक्षात ठेवा. बीईटीचा आकडा दर ग्रॅमला असतो. डीगॅस करण्याआधीचं (मापनाआधी व्हॅक्यूममध्ये तापवून सॅम्पल रिकामं करण्याआधीचं) वजन सॉफ्टवेअरमध्ये भरलं आणि त्यात एक चतुर्थांश द्रव असला, तर आकडा तेवढ्यानेच खाली येतो आणि तुम्ही पुन्हा सिंथेसिसला दोष देत बसता. रिकामी ट्यूब तोला, डीगॅस झाल्यावर सॅम्पलसकट तोला, आणि मापन संपल्यावर पुन्हा तोला.

पोकळी रिकामी झाली की नाही हे बीईटीआधीच कळू शकतं. हवेत टीजीए करा, म्हणजे पावडर तापवत नेऊन तिचं वजन कसं घटतं ते बघा. शेवटी उरतो तो झिरकोनियम ऑक्साइड. त्याला १०० धरलं तर पाणी आणि सॉल्व्हंट निघून गेलेल्या निर्दोष यूआयओ-६६ चं वजन सुमारे २२० यायला हवं. सांगाडा जळायला लागण्याआधीच्या सपाट भागावर तुमचा आकडा २२० च्या खाली असेल तर लिंकर कमी आहेत, म्हणजे डिफेक्ट आहेत. वर असेल तर आत काहीतरी उरलेलं आहे. डिफेक्ट वाईटच असतात असंही नाही. ते असले तर क्षेत्रफळ १२०० च्या वरही जातं, त्यामुळे जास्त आकडा आला म्हणून खूश व्हायच्या आधीही टीजीए बघा. दुसरा मार्ग एनएमआरचा: पावडर सोडियम ड्युटेरॉक्साइडमध्ये विरघळवून आत काय होतं ते बघायचं. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्या अल्कलीत डीएमएफ स्वतःच फुटतं, फॉर्मेट आणि डायमिथाइलअमीन होतं. त्यामुळे ८.४ पीपीएमच्या आसपास फॉर्मेटचा पीक दिसला की तो झिरकोनियमला बांधलेल्या फॉर्मेटचा की उरलेल्या डीएमएफचा हे एकट्या त्या पीकवरून सांगता येत नाही. अमीनचा पीक सोबत मोजा, मग हिशोब लागतो.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर मॉफ-५ चा इतिहास बघा. याघींच्या गटाने १९९९ मध्ये ते जाहीर केलं. पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या लॅबना त्याचं क्षेत्रफळ वेगवेगळं मिळत राहिलं, कारण मॉफ-५ ला दमट हवा लागली की त्याचा सांगाडा बिघडतो. २००७ मध्ये बर्कलीच्या जेफ्री लाँग यांच्या गटाने याघींसोबत ते हवा-पाणी अजिबात लागू न देता बनवलं. तेव्हा बीईटी ३८०० चौरस मीटरपर्यंत गेलं आणि ७७ केल्विनला हायड्रोजन शोषण वजनाच्या ७.१ टक्क्यांवर. पदार्थ तोच होता, फरक हाताळणीचा. ज्यांनी हे क्षेत्र उभं केलं त्यांच्या पदार्थाच्या बाबतीत हे झालं, तर तुमचा आकडा कमी येणं ही तुमच्या लायकीबद्दलची टिप्पणी नाही.

आकडा काढण्यातही मतभेद असतात. २०२२ मध्ये केंब्रिजच्या पुढाकाराने एक अभ्यास झाला. आधीच मोजलेले तेच १८ आयसोथर्म (दाबानुसार किती वायू शोषला गेला याचे आलेख) ६१ लॅबना दिले आणि बीईटी काढायला सांगितलं. उत्तरं दूरवर पसरली. एमएस्सीला आपण ०.०५ ते ०.३० ही सापेक्ष दाबाची पट्टी पाठ करतो. ती मॉफसारख्या बारीक पोकळ्यांच्या पदार्थांना बहुतेकदा लागू होत नाही. ही पट्टी कशी निवडायची हे सांगणारे रुकेरॉलचे निकष वाचा, पट्टी स्वतः निवडा आणि कुठली निवडली ते लिहून ठेवा. मशीनने आपोआप दिलेला आकडा थीसिसमध्ये चिकटवू नका.

‘आता एआय नवे पदार्थ शोधतंय, मग आम्ही काय करायचं?’ हाही प्रश्न येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डीपमाइंडने २२ लाख स्फटिकरचनांची भाकितं जाहीर केली, आणि त्याच वेळी बर्कलीच्या यंत्रचलित ए-लॅबने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचं सांगितलं. लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी तो डेटा उलगडून दाखवलं की एक्सआरडीचं विश्लेषण अपुरं होतं आणि त्यातलं नवं म्हणावं असं काही सिद्ध होत नव्हतं. एआयचा संबंध नसतानाही हेच दिसलं: त्याच वर्षीच्या जुलैत दक्षिण कोरियातून एलके-९९ आलं होतं, सामान्य तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा घेऊन. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही ते बनवून पाहिलं, अतिवाहकता दिसली नाही. उलगडा कशाने झाला? इलिनॉयचे प्रशांत जैन यांनी पेपरमधलं १०४.८ अंश हे तापमान पाहिलं आणि ओळखलं की याच सुमारास कॉपर सल्फाइडची रचना बदलते. सॅम्पलमध्ये ती अशुद्धी होती. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत शुद्ध स्फटिक वाढवले तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. बाटलीत नेमकं काय आहे हे ओळखणाऱ्या माणसाची गरज कमी होत नाहीये, वाढतेय. त्यामुळे या भीतीपोटी विषय सोडू नका.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे आणि काहींना पटणार नाही. मोठ्या नावामागे धावू नका. निवड करण्याआधी लॅबमध्ये एक दिवस जा आणि दोन गोष्टी बघा. बीईटीचं मशीन विद्यार्थी स्वतः चालवतात की सॅम्पल देऊन रिपोर्ट घेतात? आणि चौथ्या-पाचव्या वर्षाचा सीनियर जुन्या वह्या उघडून दाखवायला तयार आहे का? सरांचे पेपर कुठल्या जर्नलमध्ये आहेत यापेक्षा याने तुमची पाच वर्षं जास्त ठरतात. नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, नंतर एसआरएफला ४२,०००. पैसे उशिरा येतात, सुरुवातीला घरून थोडी सोय ठेवा. सारांश सांगणारे व्हिडिओ आणि एआयकडून करून घेतलेला पेपरचा गोषवारा यांवर माझा विश्वास नाही, कारण त्यात सगळ्यात आधी गळतो तो अ‍ॅक्टिव्हेशनचा तपशील. पेपरची सपोर्टिंग इन्फर्मेशन (प्रयोगाच्या तपशिलांची पुरवणी) काढा आणि ती मूळ पेपरच्या आधी वाचा. इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू दे. मराठी माध्यमातून आलेल्यांना हा भाग उलट सोपा जातो, कारण तिथे अलंकारिक इंग्रजी नसतं, फक्त ग्रॅम, मिलिलिटर आणि तास.

जीवशास्त्राच्या लॅबसोबत काम करणार असाल तर आणखी एक. औषधांतल्या सॉल्व्हंटसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयसीएच मार्गदर्शक तत्त्वांत डीएमएफची मर्यादा ८८० पीपीएम आहे, आणि एवढं थोडं डीएमएफ टीजीएत वेगळं ओळखू येत नाही. पेशी मेल्या तर मॉफ विषारी की उरलेलं डीएमएफ, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून पावडर त्यांच्या माध्यमात एक दिवस ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी वेगळं कंट्रोल म्हणून पेशींवर द्यायला सांगा. आणि बफर कुठला वापरणार हे सॅम्पल पाठवण्याआधी विचारा. यूआयओ-६६ साध्या पाण्यात टिकतं, पण फॉस्फेट बफरमध्ये फॉस्फेट झिरकोनियमला धरतं, लिंकर सुटतो आणि सांगाडा विस्कटतो. त्यांच्याकडे पीबीएस हे फॉस्फेट बफर हाताशीच असतं, ते सहज त्यात मिसळतील. हेपीस हे फॉस्फेट नसलेलं बफर चालेल का ते विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.