नातेवाइकांना रस नसताना वंशावळ : भेटीला जाण्यापूर्वीची तयारी

पणजोबांचे नाव विचारले की पुष्कळ मराठी घरांत "आता हे कशाला?" असा प्रतिप्रश्न येतो, आणि त्यामागे कंटाळ्याइतकीच जमिनीची धास्ती असते. वंशावळ एरवी मागितली जाते ती वारसनोंदीला, वाटपाच्या दाव्याला किंवा जात पडताळणीला. त्यातच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना 1994 मध्ये राज्याच्या आणि 2005 मध्ये केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने समान हक्क मिळाल्यापासून हक्कसोडपत्रावरून अबोला धरलेली घरे कमी नाहीत. तेव्हा जुनी नावे गोळा करणारा पुतण्या हिस्सा मागायला आला असावा, असे काकांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आपला हेतू एका साध्या वाक्यात आधीच ठरवून ठेवावा, पहिल्या भेटीत गट नंबराचा विषय काढू नये आणि कोणत्याही कागदावर कोणाचीही सही मागू नये.

त्याआधी जे कागदावर मिळू शकते ते मिळवून ठेवावे, म्हणजे माणसांना कमी त्रास होतो. स्वतःच्या घरातल्या लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले आणि श्राद्धाच्या तिथी लिहिलेली वही पाहून झाली की मूळ गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, काढाव्यात. वारसाच्या फेरफारात मृत खातेदाराचे नाव आणि वारसांची नाती नोंदलेली असतात. घरच्या वंशावळीत न सापडणाऱ्या लेकींची नावेही तिथे पुष्कळदा भेटतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक, उपलब्ध असल्यास जन्म-मृत्यूच्या नोंदीही पाहाव्यात. जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता धरून मोडी वाचणारी व्यक्ती आधीच गाठून ठेवावी. सनांचा हिशोबही वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्यावा : शकात 78, आणि शकाच्या अखेरच्या महिन्यांसाठी 79, मिळवले की इसवी सन येतो, महसुली कागदांतल्या फसली सनात 590 मिळवून येणाऱ्या इसवी वर्षाच्या जूनमध्ये ते फसली वर्ष सुरू होते.

प्रत्यक्ष भेटीसाठी "सगळे सांगा" हा प्रश्न निरुपयोगी आहे; त्याला उत्तर मिळते, "काही आठवत नाही." एक छायाचित्र आणि दोन-तीन नेमके प्रश्न पुरेसे होतात. साल विचारण्यापेक्षा पुण्याकडच्यांना "हे लग्न पानशेतच्या पुराआधीचे की नंतरचे?" असे विचारावे, सातारा-कराडकडच्यांना कोयनेच्या भूकंपाची आठवण द्यावी, पहिली घटना 1961 ची आणि दुसरी 1967 ची, त्यामुळे साल आपोआप हाती लागते. मराठवाड्यात हेच काम 1972 चा दुष्काळ करतो. माझ्या मते सर्वांत आधी जावे ते आत्याकडे : माहेरचे तिला बारकाईने आठवत असते आणि तिला ते कोणी विचारलेले नसते. पणजीचे माहेरचे आडनाव आणि लग्नाआधीचे नाव विचारायला विसरू नये, कारण लग्नात दोन्ही बदलली गेली असतील तर कागदावर तिचा माग तिथेच तुटतो.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या पिढ्या ज्यांत लिहून ठेवतात त्या वह्यांसाठी मूळ गाव, आडनाव, जात आणि किमान तीन पिढ्यांतील पुरुषांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावीत. आडनाव मागाहून बदलले असल्यास जुनेही द्यावे. वंशावळीला नाके मुरडणारा चुलतभाऊसुद्धा अस्थिविसर्जनासाठी किंवा एखाद्या विधीसाठी तिथे जातोच, आणि तेव्हा उपाध्ये वही उघडतातच. अशा वेळी त्याच्यामागे काम लावणे बरे दिसत नाही. मात्र सोबत जाणाऱ्या एखाद्या स्वस्थचित्त नातलगाकडे ही चिठ्ठी देऊन, उपाध्यायांची हरकत नसल्यास त्या पानाचे छायाचित्र आणायला सांगावे.

फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे, आणि मूळ छायाचित्रे उचलून न आणता तिथेच त्यांचे फोटो काढावेत. दत्तक, दुसरे लग्न, घर सोडून गेलेला भाऊ अशा गोष्टी निघाल्या तर सांगणाऱ्याने परवानगी देईपर्यंत त्या खासगी वहीतच राहतील, आणि हयात माणसांच्या जन्मतारखा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाणार नाहीत, हे भेटीच्या सुरुवातीलाच सांगून टाकावे. तरीही कोणी बोलण्यास नकार दिला, तर ती जागा रिकामी सोडून शेजारी पेन्सिलीने विचारल्याची तारीख लिहावी आणि तोच प्रश्न त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी काढलेल्या यादीत घालावा.