बांधावरचे उंदीर: या चुका टाळा, आधी बीळ वाचा

मागच्या नोव्हेंबरात शेजारच्या खाचराच्या मालकांनी एका संध्याकाळी बांधावरची बिळं मोजली. ३७ भरली. तितक्याच विषाच्या पुड्या बांधल्या, एकेका बिळात एकेक टाकली आणि हात धुऊन घरी गेले. चौथ्या दिवशी पाहतात तर गरव्या भाताच्या लोंब्या पहिल्यासारख्याच तुटून पडलेल्या. "औषधच बोगस निघालं," असा निकाल लागला, दुकानदाराचा उद्धारही झाला. औषध चांगलं होतं. पुड्या गेल्या त्या बहुतेक रिकाम्या घरांत.

आमच्या रायगडकडच्या बांधात राहते ती छोटी घूस. शास्त्रीय नाव बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. परसात नि गटाराच्या कडेला दिसणारी, मांजरालाही न जुमानणारी मोठी घूस ही तिची थोरली बहीण. छोटीचं वजन पावशेराच्या आसपास. शेपटी अंगापेक्षा आखूड, तोंड बसकं, पायाला दणकट नख्या आणि पुढे पटाशीचे दात. या दातांना पटाशी म्हणणाऱ्याने नाव अगदी नेमकं ठेवलंय. कुरतडणाऱ्या सगळ्याच प्राण्यांच्या या दातांना कडक एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची बाजू मऊ, ती आधी झिजते, म्हणून धार आपोआप लागत राहते. दात जन्मभर वाढतात, त्यामुळे बोथट होण्याचा प्रश्नच नाही. दातांच्या मागे बरीच मोकळी जागा असते, तिथे गालाची कातडी आत वळून पडदा धरते. दातांनी माती फोडली तरी घशात जात नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की आपण उंदीर मारायला निघतो आणि बिळाकडे नुसतं भोक म्हणून बघतो. तिथेच सगळं चुकत जातं.

प्रत्येक भोक जिवंत समजणं

मोठी झालेली छोटी घूस सहसा एकटीच राहते. पिल्लं असली तर मादी आणि पिल्लं, एवढाच संसार. पण एका घराला दारं अनेक असतात, शिवाय जुनी सोडलेली बिळं वर्षभर तशीच दिसतात. ३७ भोकं म्हणजे ३७ उंदीर असं कधीच नसतं.

उपाय फुकटचा आहे. संध्याकाळी बांधावरची झाडून सगळी भोकं ओल्या मातीने बुजवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारायची. जी उकरलेली दिसतील ती जिवंत, त्यांच्याजवळ काठी रोवायची. विष टाकायचं ते फक्त काठीपाशी. शेजाऱ्यांनी पुढच्या खेपेला हे केलं तेव्हा ३७ पैकी ९ उघडली होती. विषाचा खर्च पाव झाला आणि उरलेल्या भोकांत पुड्या उगाच पडून राहण्याचा धोकाही टळला.

तोंड बंद म्हणजे घर रिकामं

ही चूक मी स्वतः कित्येक वर्षं केली. उघडं, काळंभोर भोक दिसलं की आत उंदीर आहे असं वाटायचं. तोंडाशी माती कोंबलेली दिसली की जुनं, पडलेलं बीळ समजून पुढे जायचो. छोट्या घुशीच्या बाबतीत हिशेब बरोबर उलटा. ती आत शिरली की दाराला आतून मातीचा बोळा लावते. साप, मुंगूस, पावसाचं पाणी, बाहेरची गरम हवा, सगळ्यांना एकच कडी. ज्या बिळाचं तोंड उघडं आणि कडेला कोळ्याचं जाळं, तिथे राहणारं केव्हाच गेलेलं असतं.

मला हे दाखवलं वाडीवरच्या एका म्हाताऱ्या कातकरी बाबांनी. कापणी झाली की कातकरी माणसं बांध खणून उंदीर आणि त्यांनी साठवलेलं भात काढतात, ही इकडची जुनी रीत. बाबा बांधावर उकिडवे बसले आणि बोळ्याबाहेरची माती चिमटीत घेतली. मातीचे कण दाणेदार होते, ओलसर, आतल्या थराच्या रंगाचे. "उकीर ताजी हाय दादा. घरातच हाय ती." मग बाजूची दुसरी उकीर दाखवली. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला, त्यावर गवताचं एक कोवळं पातं उगवलेलं. "ही गेली पावसातच."

ताज्या उकिरीपाशी त्यांनी खणायला घेतलं. माझा समज होता की बीळ सरळ खाली जात असेल. ते कोपरभर खाली गेलं आणि मग बांधाच्या पोटातून आडवं धावत सुटलं. वाटेत दोन फाटे, त्यातला एक पुढे बंद. गवताच्या बारीक चिंध्या अंथरलेली घरट्याची खोली, नारळाच्या करवंटीएवढी. तिच्यापासून हातभर लांब कोठार. लोंब्या देठाकडून कापून, एकावर एक दाबून भरलेल्या. आम्ही दोन ओंजळींनी काढत राहिलो तरी संपेनात, पायलीभर तरी भात असेल. आणि खोलीच्या पलीकडून एक वाट वर जाऊन जमिनीखाली चार बोटं राहिली तिथे थांबलेली. वरून काहीच दिसत नव्हतं. हे मागचं दार. वेळ आली की डोक्याने मारलं की उघडतं. आम्ही खणत होतो पुढून, बाई गेली मागून. बाबा नुसते हसले.

पाणी सोडणं आणि धूर देणं

त्या खणलेल्या बिळाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळशीभर पाणी ओतून काय होतं ते कळेल. पाणी पहिल्या फाट्यात शिरतं, बांधाच्या भेगांतून पाझरतं, घुशीने वाटेत मारलेल्या मातीच्या बोळ्याशी अडतं. आणि बाहेर यावंच लागलं तर छोटी घूस उत्तम पोहते. भातखाचरात राहणाऱ्या प्राण्याला पाण्याची भीती घालण्यात अर्थ नाही. फुटतो तो आपला बांध.

मिरच्यांचा नि गोवऱ्यांचा धूर तर आणखी फसवा. आपल्याला वाटतं, आत कोंडून मरेल. पण बिळातली हवा मुळातच कोंदट असते: प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साईड जास्त. जमिनीखाली राहणारे प्राणी अशा हवेत तग धरायला सरावलेले असतात. याचं टोक बघायचं तर पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल-रॅट. जेमतेम ३५ ग्रॅमचा, अंगावर केस जवळजवळ नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा प्राणी प्राणवायू अजिबात नसलेल्या हवेत १८ मिनिटं टिकला आणि नंतर सावरलाही. त्या वेळात त्याच्या पेशींनी ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज जाळून काम भागवलं. आपली घूस त्या पंगतीतली नाही, पण धूर आला की बोळा मारून बसायला तिला तेवढं टोक गाठावं लागत नाही.

इथेच कोणीतरी 'गोळ्या' सुचवतं. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. तो माणसालाही तितकाच मारतो आणि त्यावर उतारा नाही. सरकारी तज्ज्ञांच्या किंवा परवानाधारक माणसाच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्या नाहीत असा नियम आहे. ओळखीच्या दुकानातून मिळाल्या तरी घरात आणू नका.

पहिल्याच दिवशी विष

उंदराला उलटी होत नाही. शरीराची रचनाच तशी. पोटात गेलेलं बाहेर काढता येत नसेल तर आत घेतानाच सावध राहावं लागतं, आणि उंदराची सगळी हुशारी इथे खर्ची पडलेली आहे. नवी वस्तू दिसली की आधी लांबून वास, मग एखादा दाणा, मग थांबून बघणं. त्या एका दाण्याने पोटात कळ आली तर उंदीर तो वास नि ती चव पक्की लक्षात ठेवतो. पुढे तुम्ही साजूक तुपात विष कालवून दिलंत तरी शिवणार नाही.

म्हणून झिंक फॉस्फाईड या विषाचं आमिष थेट मांडलं की अर्धमेले होऊन शहाणे झालेले उंदीर मागे राहतात. आधी दोन-तीन दिवस जिवंत बिळांत साधं आमिष द्यायचं: भरडलेलं धान्य आणि खायचं तेल, बाकी काही नाही. ते संपायला लागलं की चव ओळखीची झाली. मग ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड असं मिश्रण, बिळाला साधारण १० ग्रॅम, कागदाच्या पुडीत, हात पोहोचणार नाही इतकं आत. ढवळायला लाकडी काठी, हातात मोजे, आणि स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात नाही. या विषालाही उतारा नाही. बांधावर उघडं टाकलेलं आमिष मोर, कुत्री, कोंबड्या खातात, दोष मात्र 'कोणीतरी घातलं' याला जातो.

त्याच हंगामात झिंक फॉस्फाईड परत वापरू नका. उरलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन. ते रक्त गोठू देत नाही आणि असर व्हायला काही दिवस जातात. तोवर उंदराला दुखणं आणि खाणं यांचा संबंध लागत नाही, म्हणून तो खात राहतो. शेतकरी मात्र दुसऱ्या दिवशी मेलेला उंदीर दिसला नाही म्हणून वैतागतो. आठवडाभर दम धरा.

लोंबी भरल्यावर जाग येणं

आपण पेटून उठतो ते तुटलेल्या लोंब्या दिसल्यावर. तोवर चहूकडे ताजं, दुधाळ भात उभं असतं. तुमची तेल लावलेली भरड कोण विचारतो? शिवाय पिलावळीचा काळही हाच. तीन आठवड्यांच्या आसपास गर्भकाळ, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि घरात कोठार भरलेलं. हा हल्ला करायचा तो पोटरीच्या, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या पोटात असते त्या अवस्थेच्या, आधी, किंवा त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळ्यात, शेत मोकळं आणि खायला काही नाही तेव्हा. बांध नीट करायचेच असतात, त्याच वेळी. दीड फूट रुंद आणि फूटभर उंच एवढ्या बांधात घुशीला खोली काढायला जागाच पुरत नाही. आमच्याकडचे बांध बैलगाडी जाईल एवढे रुंद. म्हणजे आपणच चाळ बांधून दिलेली.

आणि एकट्याने करू नका. तुमच्या बांधातली बिळं रिकामी झाली की शेजारचे उंदीर काही दिवसांत तयार घरात राहायला येतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तेही इथे शब्दशः खरं: त्याच बिळात नाग, घोणस शिरतात. हात घालून 'बघू काय आहे' करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

काही छोट्या चुका

आवाजाचं यंत्र. कानाला न ऐकू येणाऱ्या अतिउच्च आवाजाने उंदीर पळवणारी पेटी बांधावर लावलेली मी पाहिली आहे. उच्च आवाज मातीत शिरतच नाही, वीतभर मातीत विरतो. जमिनीखाली चालतो तो जड, खालच्या पट्टीचा हादरा. डोळे कातडीखाली झाकले गेलेला स्पॅलॅक्स नावाचा आंधळा मोल-रॅट तर शेजाऱ्याला निरोप द्यायला बोगद्याच्या छतावर डोकं आपटतो. पेटीने फायदा झाला तो विकणाऱ्याचा.

चिचुंद्री मारणं. लांब सोंडेची, चिकचिक करणारी, वास मारणारी चिचुंद्री उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाते.

धामण मारणं. ही चूक नव्हे, आत्मघात. बिळात शिरून पिल्लांसकट घर साफ करणारी दुसरी कोणी नाही. रात्रीचं काम गव्हाणी घुबड करतं. त्याला बसायला शेतात टी आकाराचे चार-दोन थांबे रोवले तर पुरे.

मेलेला उंदीर नुसत्या हाताने उचलणं. फावड्याने उचला, खोल पुरा. कोकणात लेप्टोस्पायरोसिस या तापाचा त्रास नवा नाही. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून खाचराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून शिरतात. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. चिखलात काम केल्यावर ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना आधी शेतात उतरल्याचं सांगा.

सगळं करूनही बिळं उघडतच असतील तर

बुजवा-मोजा परत करा, दहा दिवसांनी. पहिल्या फेरीला ९ आणि आता २ असतील तर काम झालंय. ९ ची ९ राहिली असतील तर तीन गोष्टी बघा. आमिष संपलं होतं का, की पुडी तशीच आहे? पुडी तशीच असेल तर साधं आमिष दोन दिवस देऊन परत सुरुवात करा. बाजूला पडीक जागा, ओढ्याचा काठ, गवताची उडवी आहे का? मूळ वस्ती तिथे असते, बांध हे फक्त दुकान. आणि तिसरं, नुकसान खरंच उंदराचंच आहे का? उंदीर रोपाची काडी जमिनीपासून थोडी वर, तिरकी छाटतो, कलम केल्यासारखी.

शेजाऱ्यांच्या बांधावर शेवटच्या फेरीत एक बीळ काही केल्या बंद राहीना. पाच वेळा बुजवलं, पाचही वेळा सकाळी उघडं. साधं आमिष तसंच, विषाची पुडी तशीच. शेवटी आम्ही खाली वाकून उकीर पाहिली. दाणेदार नव्हती, ओल्या चिखलाच्या गोळ्या, तोंडाभोवती एकावर एक रचलेल्या, आणि आत वीतभर खाली पाणी चमकत होतं. खेकडा होता. संध्याकाळी त्याचं कालवण झालं.