हातावर वाढलेलं पोपटाचं पिल्लू घरी आणताना

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हल्ली दागिना बघायच्या आधी जिन्याकडं बघतं, कारण वरून शीळ ऐकू येते. मग प्रश्न ठरलेला. "काका, पोपट कुठनं आणला? पोरं मागं लागल्यात." उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितलं तर अर्धंच पोचतं, आणि अर्ध्या माहितीवर आणलेलं पिल्लू कसं जातं ते मी माझ्याच हातावर बघितलंय. म्हणून बसून सगळं लिहितोय.

मी सांगलीत सराफ कट्ट्याजवळ सोनारकाम करतो. खाली कारखाना, वर घर. वर गेली तीन वर्षं मणी राहतो. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटिल. बाजारात त्याला सरसकट 'कॉकटेल' म्हणतात, विचारायला जाल तेव्हा तोच शब्द चालतो.

लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट मागू नका. तो, त्याच्याहून थोराड पहाडी पोपट, असे आपल्या रानातले सगळे पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा. कुणी पिशवीत झाकून पिल्लू दाखवलं तर ते ढोलीतून काढलेलं असतं, आणि तुम्ही पैसे दिलेत की पुढच्या वर्षी तीच ढोली पुन्हा रिकामी होते. पाळायचे ते परदेशी वंशाचे, पिंजऱ्यातच पैदास झालेले. कॉकाटिल आणि बजरीगर (ज्याला आपल्याकडं लोक 'लव्हबर्ड' म्हणतात) यांना सरकारी नोंद लागत नाही. कोन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव घेणार असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. मणीच्या आधी मी एक पिल्लू घालवलंय. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून आणलं होतं, पिसं जेमतेम फुटलेली. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच सिरिंजनं भरवा, मग जन्मभर तुमच्याच खांद्यावर बसेल." मला ते पटलं. आणलं त्या दिवशी ७४ ग्रॅम होतं. तिसऱ्या दिवशी ६६, पाचव्या दिवशी ५९. सहाव्या दिवशी सकाळी हातात घेतलं तर गार. सोन्याच्या काट्यावर रोज वजन करत होतो, वहीत लिहीत होतो, पण त्या आकड्यांचा अर्थ कुणाला विचारायचा तेच ठाऊक नव्हतं.

काय चुकलं ते नंतर पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. पिल्लाचं पातळ खाद्य ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यानच लागतं. त्याहून गार झालं की गळ्याखालच्या पिशवीत पडून राहतं, पुढं सरकत नाही, आंबतं. फार गरम असेल तर ती पिशवी आतून भाजते. सिरिंज चुकीच्या बाजूनं किंवा घाईनं दाबली तर खाद्य श्वासनळीत जातं. हे रोजचं काम असलेल्या माणसाच्या हातचं आहे. हातावर वाढलेलं पिल्लू म्हणजे त्या माणसानं वाढवलेलं पिल्लू. तुम्ही घरी सिरिंज धरायची असा त्याचा अर्थ नाही. आणि माया सिरिंजनं लागते हेही खरं नाही. माणसाचा हात भीतीचा नसतो हे पिल्लू तिथंच शिकून येतं. तुमचा हात ओळखायला त्याला आठ-पंधरा दिवस पुरतात.

म्हणून 'सेल्फ' झालेलंच घ्या, म्हणजे स्वतःचं स्वतः खाणारं. कॉकाटिल साधारण आठ ते दहा आठवड्यांत सेल्फ होतो. मी मणीला अकराव्या आठवड्यात आणलं. पैदास करणारे पुण्यातले होते, त्यांच्याकडं आधी दोनदा जाऊन आलो. विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, समोर बसून खाताना बघा. दाण्यात चोच घालणं आणि खाणं वेगळं. दाणा जिभेनं फिरवून, सोलून, टरफल खाली टाकतंय का बघा. मागच्या आठवड्याची रोजची वजनं मागा. दूध तुटताना वासरू जसं जरा उतरतं तसं सेल्फ होताना पिल्लूही थोडं उतरतं, पण शेवटचे पाच-सात दिवस आकडा एका जागी ठरलेला हवा. वजनं लिहिलीच नसतील तर मी तिथून घेणार नाही. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड सुरीसारखं हाताला लागलं तर पिल्लू उपाशी आहे. शेपटीखालची पिसं कोरडी, नाकपुड्या स्वच्छ. नर की मादी यावर हट्ट धरू नका. राखाडी जातीत पहिली पिसं झडेपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात. मणीचा चेहरा सहा-सात महिन्यांनी पिवळा झाला, तेव्हा कळलं.

घरात कुणाला दमा असेल तर घेण्याआधी तासभर त्या पक्ष्यांच्या खोलीत बसवून बघा. कॉकाटिलच्या पिसांतून पांढरी पावडर झडते, रोज.

पिंजऱ्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण धातू हा माझा धंदा आहे. बाजारातल्या स्वस्त जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. नवीन जाळीवर पांढरट भुकटी, थेंबांसारखे गोळे दिसतात, तेच जस्त. पोपट पिंजऱ्यावर चढताना चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो, दिवसभर तारा चावतो, आणि जस्त पोटात साठून विषबाधा होते. शिसं त्याहून वाईट. आजीच्या वेळचा पितळी पिंजरा माळ्यावर असेल तर तो शोभेलाच ठेवा. पितळेत जस्त असतंच, आणि जुन्या झाळकामात काय वापरलंय ते मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही. चांगल्या पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या. दोन तारांत अर्धा ते पाऊण इंचाच्या आतलं अंतर, रुंदी किमान दोन फूट, म्हणजे दोन्ही पंख पसरता येतात. पोपट आडवा उडतो, म्हणून उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची. गोल पिंजरा नको. मला मणीसाठी चांदीचं घुंगरू करायची फार हौस होती. केलं नाही. घुंगराच्या फटीत नखं आणि चोच अडकते.

बसायला दुकानातली गुळगुळीत दांडी काढून टाका आणि पेरूच्या फांद्या घाला, एक जाड, एक बारीक, सालासकट. सगळीकडं सारखी जाडी असली की तळपाय दुखावतात.

पिंजरा हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला. स्वयंपाकघरात अजिबात नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वाससुद्धा येत नाही. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात, हवेतलं विष त्याला आपल्यापेक्षा फार लवकर भिनतं. आमच्या घरातले नॉनस्टिक तवे गेले, बिडाचा आला. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा त्या खोलीत बंद. आईनं देवघर आतल्या खोलीत हलवलं, कापूर तिथं दार लावून. मी खाली तेजाब वापरतो त्या दिवशी जिन्याचं दार बंद आणि वरची मागची खिडकी उघडी.

आणायचा दिवस थंडीतला किंवा पावसाळा सरल्यावरचा धरा, सकाळचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा प्रवास नको. हवेशीर छोटा खोका, तळाला जुनं फडकं, बसायला अगदी खाली एक काडी. पाण्याची वाटी सांडते आणि पिल्लू भिजतं, त्याऐवजी काकडीची फोड ठेवा. पुण्याहून निघालो, कराडला चहाला थांबलो, पण खोका उघडला नाही. पेठ नाक्यापर्यंत मणी गप्प होता, मग मुलीनं हळू शीळ घातली तर आतून उत्तर आलं. वाटेत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागतं. पक्षी बघणारे डॉक्टर गल्लोगल्ली नसतात, कोण बघतं याची चौकशी पक्षी आणायच्या आधी करा. रात्री अकरा वाजता नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

घरी आल्यावर पिंजऱ्याच्या दाराला खोक्याचं तोंड लावा आणि त्याला स्वतःहून जाऊ द्या. पहिला दिवस शेजाऱ्यांना, पाहुण्यांना बोलवू नका. मी पिंजऱ्याजवळ बसून मणी ओवत होतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. दुसऱ्या दिवसापासून हातात राळ्याचं कणीस धरा. छातीखाली, पायांच्या जरा वर बोट आडवं टेकवा आणि 'चढ' म्हणा. हातावर वाढलेलं पिल्लू पटकन चढतं. दहा मिनिटं पुरे, मग परत आत, असं दिवसातून चार-पाच वेळा. दिवसभर अंगाखांद्यावर ठेवलंत तर महिन्यानं शाळा-दुकान सुरू झाल्यावर ते एकटं ओरडत बसेल.

खाणं पहिले पंधरा दिवस तेच, जे तिथं मिळत होतं. येताना किलोभर बांधून घ्या. कधीकधी नव्या घरात पिल्लू पुन्हा तोंड उघडून, मान हलवत खायला मागतं. घाबरू नका. भिजवलेला राळा, उकडलेला मका कोमट करून बोटानं द्या आणि वजन बघा. वजनासाठी सोनाराचा काटा लागत नाही, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. रोज सकाळी, खाण्याआधी. आणलं त्या दिवशीच्या वजनातून दहावा हिस्सा उतरला तर त्याच दिवशी डॉक्टर. मणी आता ८८ ग्रॅम आहे, जुन्या तोळ्यानं साडेसात तोळे.

पुढं राळा, बाजरी, ज्वारी, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, आणि हळूहळू गोळीखाद्य. सूर्यफुलाच्या बिया फक्त शिकवताना बक्षीस म्हणून. हिरवी मिरची तो आवडीनं खातो, पक्ष्यांना तिखट लागत नाही. भडंग नाही: मीठ, तेल, लसूण तिन्ही वाईट. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषच. द्राक्ष एखादं, चांगलं धुऊन. बेदाणा मी देत नाही, तासगावकडं रंग राखायला गंधकाची धुरी देतात. शेंगदाण्याला बुरशी असली तर दिसत नाही, तोही टाळतो.

पंख्याचं बटण मी टेपनं चिकटवलंय. मणी बाहेर असताना पंखा नाही, आणि पाण्याच्या बादलीवर झाकण. पिसं कापली नाहीत. उडता येणारा पक्षी पडताना सावरतो. पण मग खिडक्यांना जाळी हवीच. रात्री दहा-बारा तास झोप, आणि शून्याचा दिवा चालू. कॉकाटिल अंधारात दचकून पिंजराभर आपटतात, पंख रक्ताळतात. लाइट जाते म्हणून आम्ही बॅटरीवरचा ठेवलाय.

आणि कृष्णेकाठी राहता तर एक जास्तीची तयारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, मारुती चौकात बोटी फिरत होत्या. आमच्या गल्लीतला एक मोठा पिंजरा बोटीत मावेना, आणि आतला पक्षी कुणाच्या हाताला येईना. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. म्हणून मणी ज्या खोक्यातून आला तो आम्ही फेकला नाही. जून लागला की तो दाराजवळच्या खुंटीला येतो, बाजूच्या पिशवीत दोन आठवड्यांचे दाणे. आठवड्यातून दोनदा त्यात राळ्याचं कणीस ठेवतो, मणी आपण होऊन आत जातो, मी दार लावतो, दहा मिनिटांनी उघडतो.