ओव्हरक्लॉकिंगसाठी कूलर घेताय? या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी प्रोसेसरच्या कूलरचे रिव्ह्यू बघण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या नावात आकड्यानंतर 'के' (किंवा 'केएफ', 'केएस') नसेल किंवा मदरबोर्ड 'बी' मालिकेतला असेल, तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. अशा पीसीला दहा हजारांचा कूलर लावला तर पंख्याचा आवाज तेवढा कमी होईल. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरला मात्र 'बी' मालिकेचा बोर्ड चालतो.

दुसरी चूक खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याची. '२५० वॅट टीडीपी' (म्हणजे एवढी उष्णता कूलर बाहेर काढेल) असं छापलेलं असतं, पण तो आकडा कोणत्या तापमानाला आणि पंख्याच्या किती वेगाला मोजला, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. प्रोसेसरच्या आकड्यातही गंमत आहे. कोअर आय७-१४७००के १२५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण टर्बोची (आपोआप वाढणाऱ्या वेगाची) मर्यादा २५३ वॅट आहे. रायझेन ९ ७९५०एक्स १७० वॅटचा, पण सॉकेटमधून (बोर्डावरच्या प्रोसेसर बसतो त्या खाचेतून) २३० वॅटपर्यंत वीज घेतो. हे सगळं ओव्हरक्लॉक करण्याआधीचं.

मग व्होल्टेज. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ५ गिगाहर्ट्झचे ५.२ करायला १.२५ व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर वेग मिळाला ४ टक्के आणि उष्णता वाढली साधारण २१ टक्के. एवढ्यासाठी मोठा कूलर घ्यायचा का, हा प्रश्न स्वतःला विचाराच. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी व्होल्टेज थोडं खाली आणून बघावं. आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवर बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय काहीच करू नये. जास्त व्होल्टेजमुळे त्या प्रोसेसरांचं कायमचं नुकसान होत होतं, म्हणून इंटेलला २०२४ मध्ये नवा मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) द्यावा लागला.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत होते ती खोलीच्या तापमानामुळे. एअर कूलर असो वा एआयओ (पंप आणि रेडिएटर असलेला लिक्विड कूलर), खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. परदेशी रिव्ह्यू बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे एसी नसलेल्या खोलीत ३७ अंश सहज असतात. म्हणजे रिव्ह्यूमधले ८२ तुमच्याकडे ९५च्या पुढे जातात. बहुतेक रायझेन ७०००ची मर्यादा ९५, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीची १००. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि ओव्हरक्लॉकिंग फुकट जातं. डिसेंबरात लोड टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासा. डेझर्ट कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नका, तुषार आत जातात.

मापं घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटची काच त्याला अडते की नाही, पहा. पुढचा पंखा रॅमवर बसतो का, तेही. एएम५च्या (रायझेन ७०००च्या सॉकेटच्या) बोर्डाची मागची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची पट्टी लागणारे जुने कूलर तिथे बसत नाहीत. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची भोकंही आधीच्या सॉकेटपेक्षा लांब आहेत, वेगळं किट लागतं.

बसवल्यावर तापमान काही सेकंदांतच मर्यादेला गेलं तर कूलर बदलण्याची घाई नको. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म राहिली असेल, स्क्रू एका बाजूला कमी आवळला असेल किंवा एआयओचा पंप फिरतच नसेल. बायोसमध्ये पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा. रेडिएटर पुढे लावला असेल तर त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, नाहीतर हवेचे बुडबुडे पंपात अडकतात. तापमान हळूहळू चढत असेल तर कॅबिनेटची बाजू उघडून तीच लोड टेस्ट लावा. पाच-सात अंश उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे. एआयओला पाच मिनिटांची टेस्ट पुरत नाही, आतलं द्रव तापायलाच वेळ लागतो. अर्धा तास चालवा. आणि थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) लावणार असाल तर कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा नाही ना, खात्री करा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.