पावसाळ्यात व्हॅक्यूम लागेना

आमच्या विद्यापीठाच्या नॅनो केंद्रातलं थर्मल इव्हॅपरेशन यंत्र (निर्वातात धातू तापवून त्याच्या वाफेचा पातळ थर नमुन्यावर चढवणारं) जुलै लागला की रुसतं. एरवी ०.०००००१ मिलिबारपर्यंत जाणारा चेंबर ०.०००१ लाच अडकला. सगळ्यांचा संशय गळतीवर. ओ-रिंगा (जोड हवाबंद करणारी रबरी कडी) बदलायची घाई सुरू झाली.

मी आधी पंपाकडची झडप बंद करून चेंबरमधला दाब कसा चढतो ते पाहिलं. गळती असेल तर तो एकसारखा चढत राहतो. इथे आधी भराभर चढला, मग मंदावला. म्हणजे भिंतींना धरून बसलेली पाण्याची वाफ! चेंबरमधली हवा ओढणाऱ्या रोटरी पंपाचं तेलही दुधाळ झालेलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं.

तेल बदललं, पंप तापल्यावर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर घालवणारी झडप) उघडा ठेवून चालवला. चेंबरला हीटिंग टेप गुंडाळून, पंप चालू ठेवूनच, रात्रभर साधारण १०० अंशांवर तापवला. (व्हिटॉन या रबराच्या ओ-रिंगा हे सोसतात; नायट्राइल रबराच्या असतील तर जपून.) आता चेंबर उघडताना दमट हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडतो आणि नमुना ठेवला की लगेच बंद करतो.

ॲल्युमिनियमचे थर पुन्हा आरशासारखे येताहेत. नायट्रोजन सिलिंडरच्या वाढीव बिलावरून लेखा विभागाशी वाद मात्र चालूच आहे.