रोमा वस्त्यांमधला बालमृत्युदर मोजताय? या चुका टाळा

रोमा म्हणजे युरोपभर विखुरलेला अल्पसंख्य समाज. त्यांचा दर काढताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो अंश (मृत्यू) एका दप्तरातून आणि छेद (जन्म) दुसऱ्यातून उचलल्यामुळे. सर्बियाचंच बघा. राष्ट्रीयत्व, म्हणजे आपण रोमा, सर्ब की आणखी कोणी, हे सांगायची सक्ती तिथे नाही. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्येच तसं आहे. २०११ च्या जनगणनेत १,४७,६०४ लोकांनी स्वतःला रोमा म्हणवलं, तर युरोप परिषदेचा अंदाज चार लाखांच्या वरचा. तीच माणसं जन्म-मृत्यूच्या अर्जांवर कधी रोमा असतात, कधी सर्ब.

समजा, रोमा मातांची १,००० बाळं जन्मली आणि त्यातली २० बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच गेली. खरा अर्भक मृत्युदर हजारी २०. पण जन्मनोंदीत ६०० जणींनीच ‘रोमा’ लिहिलं. मृत्यूची माहिती देणारा बहुतेकदा वेगळाच. त्या अर्जांपैकी ८ वर ‘रोमा’ पडलं. ८ भागिले ६००, म्हणजे दर १३. झालं, ‘परिस्थिती सुधारली’ असा अहवाल तयार! कारकुनाने चेहरा बघून १५ अर्जांवर ‘रोमा’ टाकलं असतं, तर हाच दर २५ निघाला असता.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक मृत्यू त्याच बाळाच्या जन्मनोंदीला जोडा आणि अंश-छेद दोन्हींसाठी आईने जन्माच्या वेळी सांगितलेलं राष्ट्रीयत्वच धरा. जुळवताना आधी ओळख क्रमांक बघा, मग आईचं नाव आणि जन्मतारीख. नावं सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही लिप्यांत असतात. ती एका लिपीत आणल्याशिवाय जुळवणीला बसूच नका. न जुळलेले मृत्यू गाळू नका, वेगळ्या ओळीत दाखवा.

ज्या बाळाची जन्मनोंदच नाही, ते या जुळवणीत येणारच नाही. त्यासाठी घरोघरी पाहणी हवी, आणि तिथे घाई नडते. ‘किती मुलं?’ विचारलं की आई जिवंत मुलंच मोजते. म्हणून एकेक करून विचारा: जवळ असलेले मुलगे, दुसरीकडे राहणारे, वारलेले. मग मुलींचं तसंच. आणि शेवटी, ‘रडलं किंवा श्वास घेतला, पण काही तासच जगलं असं बाळ?’ हा क्रम मोडू नका. आरोग्य मध्यस्थाशिवाय, म्हणजे वस्ती आणि दवाखाना जोडणाऱ्या माणसाशिवाय, दार उघडत नाही हे खरं, पण तो त्याच वस्तीतला असेल तर या प्रश्नांच्या वेळी बाहेर थांबलेला बरा. सासूही.

मृत्यूचं वय महिन्याच्या आत असेल तर दिवसांत, दोन वर्षांच्या आत असेल तर महिन्यांत लिहा. ‘वर्षाचं होतं’ हे तसंच उतरवलं की १२ महिन्यांवर ढीग लागतो आणि अर्भक मृत्युदर फुकटात उतरतो. ‘बसायचं का? पावलं टाकायचं का?’ असं विचारा. पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यातले असतात. तुमच्याकडे निम्मेही नसतील, तर बाळं सुटली आहेत.

किती मुलं झाली आणि किती वारली, एवढ्यावरून मातांच्या वयोगटानुसार बालमृत्यूचा अंदाज काढणारी ब्रासची पद्धत वापरत असाल, तर १५-१९ वयाच्या मातांचा आकडा सोडून द्या. लवकर लग्नांमुळे या वस्त्यांत त्या गटात बाळंतपणं पुष्कळ, म्हणून मोह होतो. पण पहिलटकरणींची बाळं तशीही जास्त दगावतात. २५-२९ आणि ३०-३४ हे गट घ्या. ते साधारण चार ते सहा वर्षांपूर्वीची स्थिती सांगतात, यंदाची नाही.

१,५०० जन्मांत २२ मृत्यू म्हणजे दर १५, पण ९५ टक्के खात्रीची पट्टी, म्हणजे खरा दर ज्या दरम्यान असू शकतो ती, ९ ते २२. पुढच्या पाहणीत १३ आला म्हणून पेढे वाटू नका.

आणि वस्त्यांचा नमुना घेतला असेल तर शीर्षकात ‘रोमा वस्त्या’ असंच लिहा. शहरभर विखुरलेली रोमा कुटुंबं त्यात नाहीत.